खडी चढण आली की जिप्सी पेट्रोल पिऊन बंद पडते, कार्बोरेटरचं नेमकं काय करायचं?

जिप्सीवाला_कळवा

मंडळी, गाडी जिप्सी १३००, कार्बोरेटरवाली, १९९८ ची, एमएच-०४. इंजिन तब्येतीने एकदम ठणठणीत. घोडबंदरला मख्खन चालते, कसारा घाट तिसऱ्या गियरमध्ये आरामात चढते. भानगड होते ती खऱ्या खड्या चढणीला. मुरबाडजवळ एका मित्राची जागा आहे, मागे मातीचं टेकाड आहे, तिथे आम्ही गाड्या घेऊन जातो. लो-फोर (चारही चाकांना जोर, सगळ्यात कमी स्पीडचा गियर), पहिला गियर, अर्ध्यापर्यंत झकास जाते, मग आधी आवाज जड होतो, मग भकभक, मागून काळा धूर, आत पेट्रोलचा वास, आणि बंद. सेल्फ मारत बसलं की अजूनच बिघडतं. थोडा वेळ थांबलं की चालू होते जसं काही झालंच नाही.

दोन गॅरेज झाली. एकाने मिक्श्चर स्क्रू फिरवून दिला, सपाट रस्त्यावर पिकअप गेला आणि चढावर फरक शून्य. दुसरा म्हणतो कार्ब काढून फेका, एमपीएफआय (कार्बऐवजी कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणारं) इंजिन बसवा. मला कार्बच ठेवायचाय, जंगलात पान्याने उघडून साफ करता येतो ही गोष्ट मला प्यारी आहे. मूळ कार्ब आधीच्या मालकाने काढून बाहेरचा डबल बॅरल बसवलाय. ज्यांनी चढणीचा हा प्रॉब्लेम स्वतः सोडवलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

रबाळे_एमआयडीसी

एमपीएफआय. विषय संपला.

घाटवळण

@रबाळे_एमआयडीसी, विषय संपत नाही हो असा. त्यांना कार्ब ठेवायचाय असं स्पष्ट लिहिलंय. आणि २००० नंतरचं इंजिन टाकायचं म्हणजे इंजिन नंबर बदलला, म्हणजे आरटीओची परवानगी, आरसीवर नोंद, वायरिंग, ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, टाकीतला पंप. पंधरा वर्षं उलटलेली गाडी आहे, रीपासिंग आणि ग्रीन टॅक्सच्या वेळी इंजिन नंबर जुळला नाही तर एमएच-०४ च्या ऑफिसात चपला झिजतील.

जिप्सीवाले, एक सांगा. कार्बची वाटी, म्हणजे फ्लोट चेंबर, कुठल्या बाजूला आहे? रेडिएटरकडे की तुमच्या पायाकडे? याच्यावर सगळं अवलंबून आहे.

जिप्सीवाला_कळवा

आत्ताच बॉनेट उघडून बघितलं. रेडिएटरकडे.

घाटवळण

मग लक्षणं तंतोतंत जुळतात. सविस्तर लिहितो, नवीन लोकांनाही उपयोग होईल.

कार्बच्या वाटीत पेट्रोल ठराविक पातळीला असतं, फ्लोट ती पातळी सांभाळतो. पेट्रोल वर आलं की फ्लोट वर, पेट्रोल आत सोडणारी नीडल बंद. खाली गेलं की नीडल उघडते. मेन नॉझलचं तोंड त्या पातळीच्या फक्त काही मिलीमीटर वर असतं, म्हणून हवा ओढली गेली तरच पेट्रोल बाहेर येतं. आता गाडीचं नाक वर करा. तांब्या तिरका केला तरी पाणी आडवंच राहतं, तसं वाटीतलं पेट्रोल मागे सरकतं. वाटी पुढे आणि नॉझल मागे असेल तर पेट्रोलची पातळी नॉझलच्या तोंडावर चढते आणि इंजिनने मागितलं नसताना आपोआप गळायला लागतं. त्यात फ्लोटखालचं पेट्रोल मागे गेल्याने फ्लोट खाली बसतो, नीडल उघडते आणि पंप अजून पेट्रोल ढकलतो. म्हणून काळा धूर, वास आणि बंद.

वाटी मागे असती तर उलटं झालं असतं, चढावर उपाशी मेली असती. धूर नाही, वास नाही, फक्त दम सोडून गप्प. तुमची गाडी उतारावर झटके देते का?

जिप्सीवाला_कळवा

हो!! खडा उतार असला की आयडलला दोन-चार झटके देते, मला वाटायचं प्लगचा प्रॉब्लेम आहे. हे कोणीच सांगितलं नव्हतं.

मोजपट्टी

घाटवळण यांचं बरोबर आहे, फक्त आकडे घालतो. समजा वाटीच्या मध्यापासून नॉझल २५ मिमी लांब आहे. दहाला एक असा चढ असलेल्या घाटरस्त्यावर पातळीतला फरक २.५ मिमी. १५ अंशाच्या चढाला साधारण ६.७ मिमी. ३० अंशाला १४ मिमीच्या पुढे. म्हणून कसारा घाटात काही जाणवत नाही आणि टेकाडावर गाडी बुडते. म्हणूनच नुसती फ्लोटची पातळी १-२ मिमीने कमी करून ३० अंशाचा चढ सुटणार नाही. थोडा आराम पडेल. जास्त कमी केली तर सपाट रस्त्यावर वळणात गाडी उपाशी राहील.

पारसिकचा_पांडू

गणिताच्या तासाला हे शिकवलं असतं तर टॅन थीटा आयुष्यात विसरलो नसतो 😄

बाय द वे मुरबाडचं टेकाड नेमकं कुठे? आम्ही खारघर-तळोजा साइडची मंडळी गाड्या कुठे न्याव्या या चिंतेत असतो. येऊरला बंदी, ते नॅशनल पार्क आहे आणि असायलाच पाहिजे. पावसाळ्यात पांडवकड्याच्या बाजूला पोलीस उभे.

जिप्सीवाला_कळवा

पांडू, खाजगी जागा आहे, मालकाला विचारून कळवतो. येऊरबद्दल एकदम सहमत, तिथे कोणी चाकं नेऊच नयेत.

वाशीची_विलीस

माझ्याकडे आजोबांची विलीस जीप आहे, तिच्यावर हात काळे करतच मी मोठी झालेय. कळवा दादा, मिक्श्चर स्क्रूला आधी हात लावू नका, कोणाला लावूही देऊ नका. तो स्क्रू फक्त आयडलचं मिश्रण ठरवतो. चढावर लोडवर असलेल्या इंजिनला मेन जेट, म्हणजे मेन नॉझलला पेट्रोल मोजून देणारं पितळी भोक, पाजतं. गॅरेजवाल्याने तो फिरवला म्हणून पिकअप गेला आणि चढावर काही झालं नाही, ते व्हायचंच होतं. स्क्रू हलकेच पूर्ण आत घ्या, मग दीड ते दोन फेरे बाहेर, आणि तिथून इंजिन गरम असताना कानाने जुळवा.

आता घरच्या घरी करायची तपासणी. पुढची दोन्ही चाकं भक्कम रॅम्पवर चढवा. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड, हँडब्रेक, न्यूट्रल. एअर फिल्टरचं झाकण काढा. इंजिन आयडलला ठेवून टॉर्चने कार्बच्या गळ्यात वरून बघा. आयडलला मेन नॉझल कोरडं असायला हवं. तिथून थेंब लोंबत असेल, टपटपत असेल तर पातळी चढतेय. आणि वाटीतली हवा बाहेर येण्याची जी नळी गळ्यात उघडते, व्हेंट, तिच्या तोंडातून पेट्रोल ओघळत असेल तर तो वेगळा दोष आहे. दोन्ही नीट ओळखता येतात, नॉझलचा थेंब मध्यभागी पडतो, व्हेंटचा ओघळ कडेच्या भिंतीवरून उतरतो. हे करताना जवळ फायर एक्स्टिंग्विशर पाहिजेच, आणि सिगरेटवाला मित्र गेटच्या बाहेर.

रबाळे_एमआयडीसी

ताई हे भारी लिहिलंत. मी एमपीएफआयवाला असलो तरी मान्य.

स्पॅनर१२

व्हेंटचा उपाय सोपा आहे. पेट्रोलला चालणारी रबरी नळी घेऊन व्हेंटचं तोंड वर वाढवायचं, एअर फिल्टरच्या आतच, झाकणाला टेकणार नाही इतकं. तोंड तिरकं कापा म्हणजे झाकणाला लागलं तरी बंद होणार नाही. व्हेंट बाहेर मोकळ्या हवेत काढू नका, धूळ आणि पाणी वाटीत जाईल आणि फिल्टर तुंबला की मिश्रणही बिघडेल.

फ्लोट पण काढून बघा. पितळी असेल तर कानाजवळ हलवा, आत पेट्रोल शिरलं असेल तर खुळखुळतं. गरम पाण्यात बुडवला की भोकातून बुडबुडे येतात. प्लॅस्टिकचा असेल तर वजन करून नव्याशी तुलना करा, जुने फ्लोट पेट्रोल पिऊन जड होतात आणि जड फ्लोट म्हणजे पातळी कायमची वर. नीडलच्या टोकाला नखाने चाचपून बघा, गोल चरा पडला असेल तर नीडल आणि सीट दोन्ही बदला, एकटी नीडल नको.

चिमटेकाका

आमच्या काळी पेट्रोलच्या पाइपला कपड्याचे लाकडी चिमटे लावायचो. मे महिन्यात घाटात गाडी बंद पडली की एसी पंपावर (इंजिनच्या फिरण्यावर चालणारा पेट्रोलचा पंप) ओलं फडकं आणि पाइपला चिमटे. चालायची गाडी.

मोजपट्टी

काका, ओलं फडकं शंभर टक्के बरोबर, पाण्याची वाफ होताना पंप थंड होतो. चिमट्यांनी पाइपमधली उष्णता कितीशी निघणार? माझ्या मते चिमटे लावण्यात जी दहा मिनिटं जायची त्यात गाडी थंड व्हायची.

चिमटेकाका

असेल बाबा. पण चालायची.

घाटवळण

काकांनी काढलेला विषय महत्त्वाचा आहे पण या गाडीचा नाही. व्हेपर लॉकमध्ये पाइपमध्ये पेट्रोलची वाफ होऊन वाटी रिकामी पडते, गाडी उपाशी मरते. यांच्याकडे काळा धूर आहे. अर्थात खड्या चढावर स्पीड नसतो, रेडिएटरमधून हवा कमी, इंजिन तापलेलं, बंद पडल्यावर ती उष्णता कार्बमध्ये चढते आणि वाटीतलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये सांडतं. त्यासाठी कार्बच्या खाली उष्णता अडवणारा बेकेलाइटचा जाड तुकडा असतो तो शाबूत आहे का बघा. बरेच मिस्त्री गॅस्केट बदलताना तो काढून ठेवतात.

आणि कळवा, पंप कुठला आहे? एसी पंप की इलेक्ट्रिक?

जिप्सीवाला_कळवा

इलेक्ट्रिक. कार्बसोबतच आधीच्या मालकाने बसवलेला. चावी फिरवली की टिकटिक सुरू. ब्रँडचं स्टिकर निघून गेलंय.

स्पॅनर१२

तिथेच आहे तुमचा चोर!!!

वाशीची_विलीस

अर्धा चोर. वाटी पुढे आहे हा दुसरा अर्धा. पण पंप गंभीर आहे, नीट वाचा दादा.

डबल बॅरल कार्बच्या नीडलला साधारण ३ पीएसआय प्रेशर पुरतं. इलेक्ट्रिक पंप ५-६ देत असेल तर फ्लोट कितीही चांगला असला तरी नीडल ढकलली जाते, सपाटीवर कसंबसं निभावतं, चढावर फ्लोट आधीच खाली, मग पूर आलाच. (इंजेक्शनचा पंप चुकूनही लावू नका, तो ४० च्या आसपास देतो.) एक छोटा गेज टी लावून मोजा. जास्त असेल तर रेग्युलेटर लावा, तीनवर सेट करा.

त्याहून मोठी गोष्ट. तुमचा पंप चावीवर आहे, इंजिनवर नाही. गाडी चढावर बंद पडली, तुम्ही चावी ऑन ठेवून सेल्फ मारताय, तोवर पंप पेट्रोल ढकलतोच आहे. एसी पंप इंजिन थांबलं की थांबतो, हा थांबत नाही. म्हणूनच सेल्फ मारल्यावर तुमची गाडी अजून बिघडते. गाडी उलटली आणि चावी ऑन राहिली तर काय होईल ते मी लिहीत नाही. ऑइल प्रेशर स्विचमधून रिले घ्या, म्हणजे इंजिन बंद तर पंप बंद. सुरू करताना लागेल म्हणून सेल्फच्या वायरवरून दुसरा फीड. आणि डॅशबोर्डवर हाताजवळ एक वेगळा बंद करायचा स्विच. कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम आहे.

ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा पातळी वाढलेली दिसली तर ऑइल आजच बदला, पातळ ऑइलवर बेअरिंग जातात.

जिप्सीवाला_कळवा

ताई, डिपस्टिकला वास येतोय. उद्याच ऑइल उतरवतो. मनापासून आभार.

कोपरखैरणे_कार्ब

बाइकचा कार्ब लावा असं कोणीच कसं नाही म्हणालं? डर्ट बाइक उभ्या भिंतीसारख्या चढावर जातात, कधी बुडत नाहीत. कारण त्यात वाटी नॉझलच्या बरोबर खाली असते, जेट वाटीच्या मधोमध. कुठेही तिरकं करा, मध्यभागाची पातळी फारशी बदलत नाही.

स्पॅनर१२

तत्त्व एकदम बरोबर. पण १३०० सीसीला एक पुरत नाही, दोन लावले तर सिंक करायचे, मॅनिफोल्ड बनवायचा, अ‍ॅक्सिलरेटरची केबल बदलायची, जेटिंग शून्यापासून. फक्त टेकाडावरच चालणारी गाडी असेल तर करा. रोज कळवा ते बेलापूर ऑफिसला न्यायची असेल तर मी नाही सांगणार.

कोपरखैरणे_कार्ब

मी केलंय आणि रोज चालवतो. वेळ लागला हे खरं. पण चढावर जे सुख आहे ना, त्यासाठी मी पुन्हा करेन.

पनवेलचा_प्रवासी

मी नवीन आहे, ऑफ-रोडिंग आत्ताच सुरू केलंय. एक भाबडा प्रश्न. चढावर अशी गाडी बंद पडली तर नेमकं करायचं काय? मी क्लच दाबून ब्रेकवर मागे यायचो.

घाटवळण

भाबडा नाही, या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न आहे. क्लच दाबून मागे येणं सोडा, आजपासून. इंजिन बंद पडलं की ब्रेकच्या बूस्टरमध्ये एक-दोन ब्रेकपुरताच व्हॅक्यूम उरतो, त्यानंतर पेडल दगड होतं.

बंद पडली की पाय ब्रेकवर घट्ट, हँडब्रेक ओढा, चावी ऑफ. पंप बंद. स्टिअरिंग सरळ आहे ना ते खिडकीतून पुढच्या चाकाकडे बघून खात्री करा. ब्रेक धरूनच क्लच दाबून लो-फोरमध्येच रिव्हर्स टाका आणि क्लच पूर्ण सोडा. गाडी आता गियरवर उभी आहे. हँडब्रेक सोडा, ब्रेक हळूहळू सोडा. मग क्लच न दाबता सेल्फ मारा. सेल्फच गाडीला मागे हलवेल, इंजिन पकडलं तर इंजिन ब्रेकिंगवर सावकाश खाली येईल, नाही पकडलं तरी कॉम्प्रेशन गाडी धरून ठेवतं. मागे माणूस उभा नको, बाजूला हवा.

पेट्रोल ओव्हर झालेलं इंजिन सुरू करायला अ‍ॅक्सिलरेटर तळाला दाबून सेल्फ मारतात हे खरं, पण ते सपाटीवर. चढावर रिव्हर्समध्ये असताना तसं केलं आणि इंजिनने पकडलं तर गाडी पूर्ण जोरात मागे जाईल. आधी खाली या, मग गळा साफ करा.

वाशीची_विलीस

+१. हे आधी सपाट जागेवर करून बघा, मग सौम्य चढावर, म्हणजे खऱ्या वेळी हात आपोआप चालतात.

तळोजा_टँक

टाकीकडे पण बघा. जिप्सीची टाकी मागे आहे, पेट्रोल कमी असेल तर चढावर सगळं एका टोकाला जातं आणि टाकीतून पेट्रोल ओढणारा पाइप हवा ओढतो. टेकाडावर जाताना निम्म्याहून जास्त भरलेली ठेवा. यांचा प्रॉब्लेम वेगळा आहे पण दोन्ही एकत्र आले तर कोणी वैद्य मिळणार नाही.

अजून एक, आता पेट्रोल पंपावर सगळीकडे ई२० आहे, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. जुन्या गाडीचे रबरी पाइप, एसी पंपाचा पडदा, नीडलचं रबरी टोक हे सगळं इथेनॉलने फुगतं नाहीतर कडक होतं. मी सगळे पाइप व्हिटॉनचे, म्हणजे इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घेतले. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर वाटी रिकामी करून ठेवतो, नाहीतर आत पांढरट-हिरवा थर धरतो आणि जेट बुजतात. जेट साफ करताना पिन किंवा तार घालू नका रे कोणी. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की जेट गेलं. स्प्रे आणि हवा एवढंच.

मोजपट्टी

ई२० मुळे मिश्रण थोडं पातळ पण होतं, इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो. साध्या पेट्रोलला हवा १४.७ पट लागते, ई२० ला त्यापेक्षा कमी. एमपीएफआयवाल्यांचा सेन्सर सांभाळून घेतो, कार्बवाल्यांना प्लगचा रंग बघून एक नंबर मोठं मेन जेट लागू शकतं. पण कळवा, तुम्ही पूर थांबल्याशिवाय जेटला हात लावू नका, आत्ता प्लग काळेच दिसणार.

पारसिकचा_पांडू

जेट, नीडल, सीट कुठे मिळतात चांगल्या? इकडे डुप्लिकेटच फार.

स्पॅनर१२

ऑपेरा हाऊसला नवीन, कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुना अख्खा कार्ब. जुना सॅम्पल खिशात घेऊन जा, तोंडी सांगून आणलेली नीडल कधी बसत नाही.

जिप्सीवाला_कळवा

अपडेट देतो.

ऑइल बदललं, उतरवलेलं पाण्यासारखं पातळ होतं. प्रेशर मोजलं तर साडेपाच पीएसआय. रेग्युलेटर लावून तीनवर आणलं. रॅम्पवर चढवून बघितलं, ताई, तुम्ही लिहिलं तसंच, नॉझलचा थेंब मध्यभागी लोंबत होता आणि व्हेंटमधून कडेने ओघळ, दोन्ही. नीडल-सीट नवीन टाकली, जुन्या नीडलला चरा होता. फ्लोट दीड मिमी खाली घेतला, व्हेंटला नळी वाढवली, तोंड तिरकं कापून. पंपाला ऑइल प्रेशर स्विच आणि डॅशवर बंद करायचा खटका. मिक्श्चर स्क्रू कानाने जुळवला, पिकअप परत आला.

काल मुरबाडला गेलो. जिथे बंद पडायची ती जागा पार, धूर नाही. अगदी वरचा टप्पा, जिथे बॉनेटशिवाय काही दिसत नाही, तिथे अजून जड होते, पण बंद न पडता चढली. वास नाही. उतारावरचे झटके आहेत तसेच आहेत, किंचित वाढलेच असतील.

घाटवळण

वा! झटके वाढणारच, पातळी खाली घेतलीत आणि उतारावर पेट्रोल नॉझलपासून लांब जातं. त्याचा पक्का इलाज एकच, अ‍ॅडॉप्टर घालून कार्ब ९० अंशात फिरवा, म्हणजे वाटी बाजूला येईल. चढ-उतार दोन्हीला नॉझल आणि वाटी समान पातळीवर. किंमत अशी की गाडी आडवी कलली की तोच त्रास तिथे येतो. पण आडव्या उतारावर आपण तसंही इतका कोन घेत नाही, त्याआधी गाडी उलटायची भीती असते. वाटी डाव्या बाजूला की उजव्या हे ठरवताना अ‍ॅक्सिलरेटरची केबल आणि एक्झॉस्ट कुठे आहे ते बघा. वाटी एक्झॉस्टच्या बाजूला अजिबात नको.

रबाळे_एमआयडीसी

अ‍ॅडॉप्टर प्लेट मी बनवून देतो. अ‍ॅल्युमिनियम, आमच्या शॉपमध्ये मिलिंग आहे. कार्बचं आणि मॅनिफोल्डचं गॅस्केट ट्रेस करून पाठवा, मधल्या बोल्टांची अंतरं व्हर्नियरने मोजा, कागदावर नको. जाडी किती ठेवू? बॉनेटला जागा किती आहे?

जिप्सीवाला_कळवा

तुम्ही एमपीएफआयवाले आणि प्लेट बनवून देताय, काय बोलू. एअर फिल्टरच्या झाकणावर मातीचा गोळा ठेवून बॉनेट लावून बघतो आज, दबलेली जाडी मोजून उद्या आकडा टाकतो.

वाशीची_विलीस

प्लेटच्या खाली बेकेलाइट परत घाला, अ‍ॅल्युमिनियम उष्णता सरळ वर नेईल. त्याची जाडी पण मापात धरा.

पनवेलचा_प्रवासी

काल तळोज्याला मोकळ्या मैदानात रिव्हर्स गियरमध्ये क्लच न दाबता सेल्फ मारून बघितला. खरंच गाडी सेल्फवर सरकते! मुरबाडला पुढच्या वेळी मीही येऊ का?

जिप्सीवाला_कळवा

या की. मालकाला विचारलं, पावसाआधी दोन रविवार जागा मोकळी आहे. पांडू, तुम्ही पण. टाकी निम्म्याहून जास्त आणि फायर एक्स्टिंग्विशर प्रत्येक गाडीत, एवढीच अट आहे.